किल्ला पडला, भवन उठलं

१९०५ सालच्या एप्रिलची चौथी तारीख, मंगळवार. त्या दिवशी अमावास्या होती. चैत्री नवरात्र तोंडावर आलं होतं, म्हणजे काँगड्याच्या देवीच्या वर्षातल्या दोन मोठ्या यात्रांपैकी एक सुरू व्हायची होती. धौलाधारच्या माथ्यावर अजून बर्फ होतं आणि खाली खोऱ्यात गहू कापणीकडे झुकला होता. सकाळी सहा वाजून काही मिनिटं झाली असतील. थंडीचा पहाडी मुलूख, बरीच माणसं अजून घरातच होती, आणि तेवढ्यात जमीन हलली.

काँगडा खोऱ्यातली घरं उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची, मातीने लिंपलेली. वर छपराला स्लेटच्या जड फरशा. भिंतीने दम सोडला की छप्पर सरळ माणसांच्या अंगावर यायचं, आणि त्या सकाळी तसंच झालं. वीस हजारांच्या आसपास माणसं मेली, एक लाखाच्या घरात इमारती पडल्या, पन्नास हजारांवर गुरं दगावली. काँगडा हे तेव्हा जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव, त्यातली हजारावर माणसं गेली. वरच्या अंगाला धरमशाला ही गोऱ्यांची आणि गुरखा पलटणीची वसाहत होती, तीही जमीनदोस्त झाली. तारायंत्र बंद पडलं. जवळची रेल्वे पठाणकोटला, ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, आणि मधले रस्ते दरडींनी अडलेले. खोऱ्याला आगगाडी मिळायला अजून चोवीस वर्षं जायची होती.

काँगड्यात त्या सकाळी दोन वास्तू कोसळल्या. हा लेख त्या दोन वास्तूंविषयी आहे.

एक होता काँगड्याचा किल्ला. बाणगंगा आणि मांझी या दोन नद्यांच्या संगमावर, तिन्ही बाजूंनी तुटलेल्या कड्यांवर बसलेला. दुसरं वज्रेश्वरी देवीचं मंदिर. किल्ल्यापासून दोन-तीन किलोमीटरवर, गावाच्या ज्या भागात ते उभं आहे त्या भागालाच ‘भवन’ म्हणतात. जुन्या इतिहासांत या गावाचं नाव नगरकोट येतं, आणि मैदानातले यात्रेकरू आजही नगरकोटवाली मातेच्या नावाने जयजयकार करतात. मराठी वाचकाला वज्रेश्वरी म्हटलं की वसईजवळचं, चिमाजी अप्पांच्या नवसाचं देऊळ आठवेल. ही देवी त्याच नावाची, पण तिचं ठाणं हिमालयाच्या पायथ्याशी आहे आणि ते शक्तिपीठांत गणलं जातं. सतीच्या देहाचा डावा स्तन इथे पडला अशी श्रद्धा आहे. गाभाऱ्यात मूर्तीऐवजी पिंडी आहेत.

किल्ल्याला आणि भवनाला एकमेकांपासून वेगळं काढून इतिहास सांगता येत नाही, कारण नऊशे वर्षं ज्याने ज्याने किल्ल्याकडे पाहिलं त्याला देवी दिसलीच. सुरुवात गझनीच्या महमूदापासून होते. १००९ साली पंजाबच्या शाही राजा आनंदपालाचा पराभव करून तो थेट इथे आला. आसपासच्या राजांनी पिढ्यान्‌पिढ्या देवीला वाहिलेलं धन किल्ल्यात साठवलेलं होतं आणि ते राखायला पुरेशी शिबंदी नव्हती. त्याचा इतिहासकार उत्बी सात कोटी दिरहम, सोन्याचांदीच्या लगडी आणि चांदीचं एक आख्खं घर, तीस यार्ड लांब आणि पंधरा यार्ड रुंद, अशी यादी देतो. दरबारी इतिहासकाराचे आकडे तसेच्या तसे घेऊ नयेत. पण यादीतला अर्धा भाग बाजूला ठेवला, तरी पहाडातल्या एका देवळाकडे हे सगळं आलं कुठून, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर यात्रेत आहे. महमूदाच्या कितीतरी आधीपासून लोक इथे येत होते, आणि राजे त्या लोकांच्या मागोमाग येत होते.

पुढची हकिकत मला महमूदाच्या लुटीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती सांगणारा आपल्या दख्खनचा आहे. फिरिश्ताने विजापुरात, इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आपला इतिहास लिहिला. तो सांगतो की १०४३ साली दिल्लीच्या राजाने नगरकोट गझनवींकडून परत घेतलं. वेढा चार महिने चालला. राजाने आधीच जाहीर केलं होतं की देवतेने स्वप्नात येऊन, गझनीचा सूड उगवून आपण नगरकोटला परततो आहोत, असं सांगितलं. किल्ला हाती येताच जुन्या मूर्तीसारखी मूर्ती तिथे दिसली, आणि दूरदूरची माणसं दर्शनाला लोटली. फिरिश्ताला यात राजाची चलाखी दिसते. असेलही. पण लूट होऊन चौतीस वर्षं झाली होती. महमूदाच्या स्वारीच्या वेळी जन्मलेलं मूल आता स्वतः बाप झालेलं असणार. एवढ्या काळात विसर पडला असता तर कोणत्याही राजाला ते स्वप्न पडून उपयोग नव्हता. लोक वाट पाहत होते म्हणून त्या स्वप्नाला अर्थ आला.

चौदाव्या शतकात तुघलक आले. आधी महंमद बिन तुघलकाने किल्ला घेतला, मग फिरोजशहा १३६० नंतर लगेचच या मुलखात उतरला. काँगड्याहून दक्षिणेला तीस-पस्तीस किलोमीटरवर ज्वालामुखीचं देऊळ आहे. तिथे खडकाच्या फटींतून नैसर्गिक वायूच्या ज्योती जळतात आणि त्याच ज्योतींची देवी म्हणून पूजा होते. त्या देवळात फिरोजशहाला तेराशे संस्कृत ग्रंथ मिळाले. त्याने काहींची भाषांतरं करवून घेतली, त्यांतलं एक ज्योतिष आणि शकुनांवरचं, ‘दलाइल-इ-फिरोजशाही’ नावाने फारसीत झालं. पहाडातल्या देवीच्या देवळात तेराशे पोथ्या! तिथे नवस बोलले जात होते तसं पठणपाठणही चालत असणार, हे या एका आकड्यातून कळतं.

याच स्वारीपासून एका छत्राची गोष्ट सुरू होते. फिरोजशहाचा चरित्रकार शम्स सिराज अफीफ मोठ्या रागाने लिहितो की काही हिंदू अशी आवई उठवतात की सुलतानाने ज्वालामुखीच्या देवीवर सोन्याचं छत्र धरलं. हे साफ खोटं आहे, माझे वडील त्या स्वारीत सुलतानाबरोबर होते, असा त्याचा दाखला. म्हणजे अफीफच्या हयातीतच पहाडात आणि मैदानात लोक बोलू लागले होते की सुलतान देवीपुढे नमला.

दोनशे वर्षांनी छत्र पुन्हा येतं. १५७२-७३ मध्ये अकबराचा सरदार हुसेन कुली खान नगरकोटवर चालून आला. हा मुलूख बिरबलाला जहागीर म्हणून दिलेला होता. अकबराच्या दरबारातला इतिहासकार बदायुनी सांगतो की फौजेने भवन घेतलं, तिथले रक्षक आणि पुजारी कापले गेले, आणि देवळावरच्या सोन्याच्या छत्राची बाणांनी चाळण झाली. किल्ला मात्र पडला नाही. पंजाबात दुसरं बंड उसळलं, मोगलांनी तह केला आणि वेढा उठला.

आता लोकांच्या तोंडी असलेली कथा पाहा. ती आजही ज्वालामुखीला कोणीही सांगेल. अकबराने देवीची परीक्षा घ्यायला ज्योतींवर पाणी सोडलं, वर लोखंडी तवे ठेवले. ज्योती विझल्या नाहीत. मग तो अनवाणी आला आणि त्याने सोन्याचं छत्र वाहिलं, पण त्याच्या मनात गर्व होता म्हणून देवीने ते स्वीकारलं नाही. छत्र गळून पडलं आणि कुठल्याशा हलक्या धातूचं झालं. अकबर असा तिथे गेल्याची नोंद दरबारी इतिहासांत नाही. तरी ही कथा मी टाकाऊ मानत नाही. छत्र हे राजेपणाचं चिन्ह. देवीवर छत्र कोणी धरायचं आणि तिने ते घ्यायचं की नाही, हा प्रश्न तीन शतकांत तीन तऱ्हांनी विचारला गेला. दरबारी लेखक म्हणतो, आमच्या सुलतानाने छत्र धरलंच नाही. दुसरा लिहितो, आमच्या बाणांनी तिचं छत्र फोडलं. आणि लोक म्हणतात, बादशहाने दिलं होतं, तिनेच नाकारलं. तिघेही सत्तेविषयी बोलत आहेत. लोकांनी आपलं उत्तर कथेत ठेवलं, आणि ते सर्वांत जास्त टिकलं.

किल्ला पडला तो जहांगिराच्या काळात, चौदा महिन्यांच्या वेढ्यानंतर, नोव्हेंबर १६२० मध्ये. बापाला जे जमलं नाही ते आपण केलं याचा त्याला अभिमान होता. १६२२ च्या सुरुवातीला तो स्वतः किल्ला पाहायला आला. आत गोहत्या करवली, मशीद बांधायचा हुकूम दिला आणि हे सगळं आत्मचरित्रात नोंदवलं. त्यानंतर तो भवनात गेला. मूर्तिपूजा ही त्याच्या लेखी भ्रांतीच होती, पण तिथे त्याला एक गोष्ट खटकली आणि ती त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवली: हिंदूंचं सोडा, मुसलमानांचे थवेच्या थवे लांबलांबून इथे येतात, भेटी वाहतात आणि या काळ्या दगडापुढे प्रार्थना करतात. किल्ला जिंकणाऱ्या बादशहाच्या लेखणीतून आलेली ही साक्ष आहे. आजच्या भवनाला तीन घुमट आहेत आणि ते हिंदू, मुसलमान आणि शीख अशा तिन्ही धर्मांच्या घडणीचे असल्याचं सांगतात. या सांगण्यामागे निदान चारशे वर्षांचा पुरावा आहे.

मोगल सत्ता ढासळल्यावर कटोच घराण्याच्या संसारचंदाने १७८६ मध्ये वाडवडिलांचा किल्ला परत मिळवला. काँगडा शैलीची चित्रकला ज्याच्या आश्रयाने बहरली तोच हा राजा. पुढचं सगळं वेगाने घडलं. गुरखे आले, चार वर्षं किल्ल्याला वेढा पडला, खोरं ओसाड झालं. हताश संसारचंदाने रणजितसिंहाला बोलावलं. १८०९ मध्ये दोघांनी ज्वालामुखीच्या ज्योतीसमोर शपथा घेऊन करार केला, गुरखे हटले आणि मदतीची किंमत म्हणून किल्ला शिखांकडे गेला. शीख राजवटीत पहाडातल्या या देवींना पुन्हा सोनं चढलं. ज्वालामुखीच्या देवळावर रणजितसिंहाने मुलामा करवला, भवनाच्या घुमटावरही सोनं आलं. १८४६ मध्ये पहिलं शीख युद्ध संपल्यावरही किल्लेदाराने काही आठवडे दार उघडलं नाही. इंग्रजांनी हत्ती जुंपून जड तोफा डोंगरावर चढवल्या, तेव्हा तो शरण आला. ‘किल्ला ज्याचा, पहाड त्याचा’ अशी समजूत या भागात होती, आणि आता पहाड इंग्रजांचा झाला.

नंतरच्या साठ वर्षांत किल्ल्याचं महत्त्व ओसरत गेलं. १८५५ मध्ये जिल्ह्याचं ठाणं काँगड्याहून धरमशालेला हललं. ज्या तटांसाठी गझनी, दिल्ली, आग्रा, काठमांडू आणि लाहोर इथून फौजा निघाल्या, त्यांची आता कोणाला गरज राहिली नव्हती. भवनात मात्र चैत्र आणि आश्विन तसेच भरत होते.

असे दिवस चालले असताना १९०५ चा चैत्र आला.

भूकंपानंतरच्या छायाचित्रांत भवनाच्या जागी दगडविटांचा ढीग दिसतो. सोनेरी घुमट गेला, सभोवतालच्या ओवऱ्या गेल्या. किल्ल्याचे तट कोसळून दरीत गेले, आतलं कोरीव लक्ष्मीनारायणाचं देऊळ फुटलं, मसरूरची खडकात कोरलेली देवळंही दुभंगली. विशेष म्हणजे बैजनाथचं तेराव्या शतकातलं शिवमंदिर थोडक्यात बचावलं. पलीकडे कुलूच्या बाजूला लाकडाच्या तुळया आणि दगडाचे थर आलटूनपालटून रचून बांधलेली काठकुणी घरं उभीच राहिली, नग्गरचा वाडाही तसाच राहिला. कुठे काय पडलं आणि काय टिकलं याचा तपास भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणाच्या सी. एस. मिडलमिस यांनी केला, तो १९१० मध्ये ग्रंथरूपाने छापला गेला. हिमालयाच्या भूकंपांवर काम करणारे आजही तो उघडतात.

मदतीला सरकार होतं, तसे लाहोरहून लाला लजपतराय आणि आर्य समाजाचे कार्यकर्तेही होते. पुढे देशभर गाजलेल्या या नेत्याने या खोऱ्यात अन्न, कपडे आणि निवारा पोहोचवण्याची कामं उभी केली. गव्हाची कापणी तोंडावर होती, आणि पहाडी ओढ्यांचं पाणी शेतांत नेणारे ‘कूहल’ नावाचे पाट जागोजागी फुटले होते. घर नसलं तर माणूस काही महिने झाडाखाली काढेल, पण भाताच्या खाचरांना पाणी मिळालं नाही तर वर्ष जातं. म्हणून हे पाट आधी सांधावे लागले. मोठ्या आपत्तीच्या इतिहासात अशी कामं दोन ओळींत आटोपतात. मला वाटतं खोरं वाचलं ते बहुतांशी या पाटांमुळे.

मग एक निवड झाली. ती कोणत्या एका बैठकीत झाली नाही, पण झाली. किल्ला तसाच सोडला गेला. आज तो पुरातत्त्व खात्याकडे आहे, लोक तिकीट काढून आत जातात, तुटलेल्या दरवाजांना असलेली रणजितसिंहाची, जहांगिराची नावं वाचतात आणि संध्याकाळच्या आत बाहेर पडतात. त्या अवशेषांत पूजा चालू राहिली ती अंबिकेच्या देवळात, कारण ती कटोचांची कुलदेवी. सत्तेसाठी बांधलेलं सगळं ओस पडलं, आणि नैवेद्य दाखवण्याची जागा तेवढी वापरात राहिली.

भवन मात्र त्याच जागी पुन्हा बांधलं गेलं. यात्रा थांबलीच नव्हती. माणसं येत असली की त्यांना पायऱ्या लागतात, पाणी लागतं, वर छप्पर लागतं, आणि मागोमाग देऊळ लागतं. फिरिश्ताने सांगितलेल्या १०४३ सालच्या हकिकतीत जे दिसतं तेच इथे दिसतं, फरक एवढाच की या वेळी कोणत्या राजाला स्वप्न पडावं लागलं नाही.

या देवळात एक विधी होतो, तो मकरसंक्रांतीचा. महिषासुराशी लढताना देवी जखमी झाली, तेव्हा देवांनी तिच्या जखमांवर लोणी लावलं, अशी कथा आहे. त्या आठवणीने संक्रांतीच्या रात्री पिंडीवर लोण्याचा जाड लेप चढवतात. लोणी आधी थंड पाण्यात शंभरावर वेळा धुऊन घेतात, लेपावर सुका मेवा आणि फुलं मांडतात. आठवडाभराने तो लेप उतरवून भक्तांना वाटतात. तो खायचा नसतो. त्वचेच्या दुखण्यांवर, जुन्या जखमांवर लोक तो लावतात. शक्तिपीठाच्या देवीचं रूप आपण बहुधा शस्त्रधारी, विजयी असं पाहतो. काँगड्याने जखमी देवी जपली आहे, आणि वर्षातून एकदा तिची शुश्रूषा केली जाते. इतक्या वेळा फुटलेल्या देवळातल्या माणसांना ही कथा जवळची वाटली, यात मला काही नवल वाटत नाही.

चैत्रात पिवळी वस्त्रं घातलेले यात्रेकरू येतात. ते ध्यानू भगताच्या परंपरेतले, उत्तर प्रदेशातले. ध्यानूने आपलं मस्तक कापून देवीला वाहिलं आणि देवीने ते पुन्हा जोडलं, अशी त्यांची श्रद्धा. अबुल फजलनेही ‘आईन-इ-अकबरी’त नगरकोटच्या देवीपुढे जीभ कापून वाहणाऱ्यांची आणि ती पुन्हा उगवल्याची वार्ता नोंदवली आहे. ध्यानूचं शिल्प देवळात आहे. या पिवळ्या जथ्यांच्या पूर्वजांची नावं आणि गावं भोजकी पुजाऱ्यांच्या वह्यांत सापडतात.

आज जिल्ह्याची वस्ती पंधरा लाखांवर गेली आहे. भवनाकडे चढणाऱ्या अरुंद बाजारात दोन्ही बाजूंना सिमेंटच्या तीन-तीन, चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. खाली दुकानं, वर यात्रेकरूंच्या खोल्या. ज्या भेगेने १९०५ मध्ये खोरं हलवलं ती भेग मिटलेली नाही. भारतीय भूपट्टा दरवर्षी हिमालयाखाली सरकतोच आहे, आणि हा सगळा टापू देशाच्या सर्वाधिक धोक्याच्या भूकंपक्षेत्रात मोडतो. काठकुणीची घरं का टिकली हे कळून शंभरावर वर्षं झाली, पण त्या बाजारात लाकडाची एक तुळईही दिसत नाही. नवरात्रात पहाटे दर्शनाची रांग या बोळांतून वळणं घेत थेट गाभाऱ्यापर्यंत जाते. रांगेचं नियोजन करणाऱ्यांनी, खोल्यांना परवाना देणाऱ्यांनी आणि देवळाचा पैसा खर्च करणाऱ्यांनी पुढच्या यात्रेआधी एवढं ठरवावं: पहाटे सहा वाजता जमीन हलली, तर रांगेतल्या माणसांनी कोणत्या बाजूने मोकळ्या जागेत जायचं.